टेलला पाणी आलं का?

घरी फोन केला की आईचा ठरलेला प्रश्न, तिकडे वाळूत भाजीपाला तरी मिळतो का गं. मी किती फोटो पाठवले तरी तिच्या डोळ्यासमोर राजस्थान म्हणजे उंट आणि वाळूच्या टेकड्या. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढते, आईसाठी पण आणि ज्यांना श्रीगंगानगर नक्की कुठे आहे हे माहीत नाही अशा सगळ्या मित्रमंडळींसाठी पण. श्रीगंगानगर म्हणजे राजस्थानचं अगदी उत्तरेचं टोक, पंजाब आणि पाकिस्तानच्या सीमेला लागून. मी इथे बँकेत कृषी अधिकारी आहे, पीककर्जाच्या फाईली तपासायच्या आणि मग ती शेतं प्रत्यक्ष बघायला गावोगाव हिंडायचं हे माझं काम, त्यामुळे जे लिहितेय ते बहुतेक बांधावर उभं राहून ऐकलेलं बघितलेलं आहे.

आधी भाजीचं. शहराला लागूनच साधुवाली नावाचं गाव आहे. थंडीत तिथे गंग नहरच्या, म्हणजे गंग कालव्याच्या, काठाने गेलात तर जिकडे तिकडे गाजरं. ट्रॉलीतून येतात तेव्हा मातीने इतकी माखलेली असतात की रंगसुद्धा कळत नाही, मग ती मोठ्या गोल पिंजऱ्यात ओततात, पिंजरा इंजिनावर गरागरा फिरत राहतो, वरून नहरचं पाणी पडतं आणि थोड्या वेळाने बाहेर पडतात ती लालभडक चकचकीत गाजरं. धुक्यात चार हातांवरचं दिसत नसतं आणि त्या धुक्यात हा लाल रंग. कामाला बसलेल्या बाया हाताने निवड करत असतात, वाकडं, फाटं फुटलेलं बाजूला, सरळ गाजर पिशवीत. पिशव्या भरल्या की ट्रक पंजाब, हरियाणा, दिल्लीकडे. तर आई, भाजी मिळते.

आणि हे सगळं अशा जागी जिथे वर्षाचा पाऊस जेमतेम दोनशे-अडीचशे मिलिमीटर. १४ जून १९३४ ला इथे ५० अंश तापमानाची नोंद आहे, आणि आजही मे-जूनमधे पारा सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसला गेला तर कुणी बातमी म्हणून सांगत नाही. जमिनीखालचं पाणी बहुतेक ठिकाणी खारं. म्हणजे पावसाचं पाणी नाही, विहिरीचं पाणी नाही, जे काही हिरवं दिसतं ते सगळं नहरचं.

ही नहर आली कशी ते इथे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. विक्रम संवत १९५६ चा, म्हणजे आपल्या हिशोबाने १८९९-१९०० चा दुष्काळ, लोक अजून त्याला छप्पनिया म्हणतात. बिकानेरचे महाराजा गंगासिंह तेव्हा विशीत होते, कारभार नुकताच हातात आलेला, आणि माणसं-जनावरं मरताना त्यांनी बघितली. मग सतलजचं पाणी वाळवंटात आणायचं हे त्यांनी डोक्यात घेतलं ते सोडलंच नाही. पंजाब आणि बहावलपूर दोघांशी वर्षानुवर्षं घासाघीस करून १९२० मधे करार झाला, ५ डिसेंबर १९२५ ला फिरोजपूरला पायाभरणी आणि २६ ऑक्टोबर १९२७ ला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हस्ते पाणी सोडलं. मला सगळ्यात भारी वाटतं ते हे की मुख्य नहर त्यांनी चुन्याच्या काँक्रीटने बांधून काढली. वाळूत नुसता चर खणला असता तर निम्मं पाणी वाटेतच मुरलं असतं, आणि त्या काळात एवढ्या लांबीची अस्तर असलेली नहर जगात दुसरीकडे शोधून सापडली नसती.

फाळणीच्या वेळी हे सगळं हातचं जायची वेळ आली होती. नहरचं डोकं फिरोजपूरला आणि फिरोजपूर कुठल्या देशात जाणार तेच ठरत नव्हतं. बिकानेर दरबाराने माउंटबॅटनपर्यंत धाव घेतली. शेवटी फिरोजपूर भारतात राहिलं. पुढे १९६० च्या सिंधू करारात सतलज, बियास, रावी या तीन नद्या भारताच्या वाट्याला आल्या आणि दुसरी, कितीतरी मोठी नहर शक्य झाली. तिची कल्पना मात्र करारापेक्षा जुनी, बिकानेर संस्थानचे इंजिनिअर कंवर सेन यांनी १९४८ मधेच ती मांडली होती. ३१ मार्च १९५८ ला गोविंद वल्लभ पंतांनी पायाभरणी केली. सतलज आणि बियास जिथे मिळतात त्या हरिकेपासून निघायचं, आधी २०४ किलोमीटर फीडर आणि मग ४४५ किलोमीटर मुख्य नहर, थेट जैसलमेरच्या मोहनगढपर्यंत. आधी नाव राजस्थान नहर, १९८४ पासून इंदिरा गांधी नहर.

आकडे झाले. आता जे मला खरं सांगायचंय ते.

इथे गावांना गावासारखी नावं नाहीत. म्हणजे मंडीच्या गावांना आहेत, श्रीकरणपूर, पदमपूर, गजसिंहपूर, केसरीसिंहपूर, बहुतेक बिकानेरच्या राजघराण्यावरून. पण शेतकरी राहतो तो चकमधे, आणि चकचं नाव म्हणजे नहरच्या वितरिकेचं अक्षर आणि नंबर. ३ ई छोटी, ६ झेड, असं. कुठे ३६५ हेड. माझ्याकडे फाईल आली की पत्ता वाचूनच कळतं की याचं शेत कुठल्या पाण्यावर आहे. जमीन चौकोनात कापलेली, एक मुरबा म्हणजे पंचवीस बिघे, आणि बिघा १६५ फूट बाय १६५ फूट, म्हणजे बरोब्बर आपले पंचवीस गुंठे. मुरब्याची बाजू ८२५ फूट. वरून बघितलं तर वहीच्या चौकटीच्या पानासारखं दिसतं सगळं. माणसं येण्याआधी कागदावर पाणी आलं, मग जमीन मोजली, मग माणसं आली.

आणि माणसं कुठून कुठून आली! गंगासिंहांनी पंजाबातून शीख आणि जाट शेतकऱ्यांना बोलावून जमिनी विकल्या, फाळणीत पलीकडून उठून आलेले इथे वसले, माजी सैनिकांना जमिनी मिळाल्या, हिमाचलात पोंग धरणाखाली ज्यांची गावं गेली अशा हजारो कुटुंबांना या नहरच्या पट्ट्यात मुरबे द्यायचं ठरलं. मूळचे बागडी बोलणारे तर होतेच. म्हणून एकाच चकमधे एका घरात पंजाबी, दुसऱ्यात बागडी, तिसऱ्यात पहाडी. पोंगवाल्यांचा विचार केला की मला कसंतरीच होतं. ज्या धरणामुळे यांचं घर बुडालं त्याच धरणाचं पाणी इथे यांच्या शेताला मिळणार, आणि डोंगरातल्या माणसाने थंड हवा सोडून या भट्टीत यायचं. अनेकांनी जमिनी विकल्या आणि परत गेले. जे टिकले त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे.

पाणी वाटायची पद्धत म्हणजे बारी. आठवड्याचे १६८ तास. नहरमधून मोघ्याने, म्हणजे ठरलेल्या मापाच्या तोंडातून, पाणी खालात येतं, खाल म्हणजे शेतापर्यंत जाणारा पाट, आणि त्या खालावर जितके शेतकरी तितक्यात हे १६८ तास बिघ्यांच्या हिशोबाने वाटलेले. प्रत्येकाचा वार ठरलेला, वेळ ठरलेली, मिनिटांपर्यंत. रात्री पावणेदोन ते चार वाजून दहा, असं चक्क लिहिलेलं असतं. लग्न असो, मयत असो, परीक्षा असो, तुमची वेळ ती तुमची वेळ.

एकदा रात्रीची बारी बघायला मी मुद्दाम थांबले होते, एका सत्तरी ओलांडलेल्या सरदारजींच्या शेतावर, मी त्यांना बाऊजी म्हणते आणि ते मला पुत्तर. जानेवारीचा गारठा, खांद्यावर कस्सी, म्हणजे फावडं, हातात टॉर्च. शेजारचा शेतकरी नाक्यावर आधीच उभा. दोघांनी मोबाईल शेजारी शेजारी धरून वेळ जुळवून बघितली, काही न बोलता. मिनिट पालटलं तशी बाऊजींनी कस्सीने आपल्या नाक्यावरची माती ओढली, शेजाऱ्याने आपला नाका बुजवला, आणि पाणी वळलं. आवाज बदलतो ते ऐकू येतं. मग बाऊजी अनवाणी पाण्यात, गव्हाच्या वाफ्यात पाणी कुठवर गेलं ते डोळ्यांनी कमी आणि पायाच्या बोटांनी जास्त बघत होते. मी विचारलं थंडी नाही वाजत का, तर म्हणाले, "पुत्तर, बारी च ठंड नी लगदी." म्हणजे बारीत थंडी वाजत नाही.

या वाटपात भराई आणि झडाई नावाचा एक हिशोब आहे जो मला फार आवडला. खाल कोरडा असतो तेव्हा तो भरण्यात ज्याचा वेळ जातो त्याला तेवढी मिनिटं जास्तीची मिळतात, ती भराई. आणि शेवटच्याची बारी संपली तरी खालात उरलेलं पाणी त्याच्याच शेतात उतरतं, म्हणून त्याची तेवढी मिनिटं कापतात, ती झडाई. कुणा हुशार माणसाने किती बारकाईने न्याय बघितलाय हा. एका खालावरचे लोक आपसात फार कमी भांडतात ते यामुळेच असं मला वाटतं.

भांडण आहे ते खालाच्या वर. कारण बारी तुमची, पण त्या वेळी नहरमधे पाणी असलं तर! सगळ्या नहरा एकदम चालवण्याइतकं पाणी नसतं, मग गट पाडून आलटून पालटून सोडतात. तुमची बारी मंगळवारी आणि नहर बुधवारी सुरू झाली तर गेली ती बारी, परत मिळत नाही. इथे म्हणतात "बारी पिट गई". हे वाक्य मी बँकेत इतक्या वेळा ऐकलंय, हप्ता का थकला विचारलं की दोनदा बारी पिट गई मॅडमजी, आणि पुढे काही विचारायची गरज राहत नाही. म्हणून लोक पोंग धरणाची पातळी रोज बघतात. व्हॉट्सॲपवर सकाळी राम राम आणि सत श्री अकालच्या बरोबरीने पोंगचा आकडा येतो. पूर्ण भरलं तर १३९० फूट. २१ सप्टेंबरपासून पुढच्या २० मे पर्यंतचा हिशोब त्या आकड्यावर मांडतात. शेकडो किलोमीटर लांबच्या हिमाचलात पाऊस किती झाला त्यावर इथला माणूस मोहरी पेरायची की हरभरा ते ठरवतो.

आणि यात सगळ्यात जास्त मार खातो तो टेलवाला. नहरच्या, वितरिकेच्या, मायनरच्या म्हणजे छोट्या फाट्याच्या शेवटी ज्याचं शेत तो. कागदावर त्याला तेवढाच हक्क आहे जेवढा हेडच्या, म्हणजे सुरुवातीच्या, शेतकऱ्याला, पण वाटेत पाणी मुरतं, गाळ साचतो, रात्री कुणी पाईप टाकून पाणी ओढतं, मोघा मोठा करतं, आणि शेवटी टेलला येतं ते घोटाभर. सारख्याच पंचवीस बिघ्यांच्या दोन फाईली माझ्या टेबलावर असतात, एक हेडची एक टेलची, एकाने किन्नोची, म्हणजे संत्र्यासारख्या फळाची, बाग लावलीय, ट्रॅक्टर बदललाय, दुसरा गवार आणि हरभऱ्यावर गुजराण करतोय. दोघं तितकेच कष्टाळू. विकास विकास म्हणतात ना, तो मला या पट्ट्यात मोजायचा झाला तर मी नहरची लांबी किंवा मंडीतली आवक बघणार नाही, मी टेलला जाऊन बघेन.

२००४ साली घडसाणा आणि रावला भागात याच पाण्यावरून मोठं आंदोलन झालं. इंदिरा गांधी नहरच्या पहिल्या टप्प्यातल्या शेतकऱ्यांची मागणी होती हजार एकराला ५.२३ क्युसेक, जे त्यांना ठरवून दिलेलं होतं. कर्फ्यू लागला, शेतकऱ्यांचे जीव गेले. पहिल्या टप्प्याचं म्हणणं की आम्हाला पुरत नाही तर पुढे नेऊ नका, पण पुढे जैसलमेरपर्यंत लोक वाट बघत बसलेले. त्यांच्यासाठी तर घडसाणा म्हणजे हेड. मी घडसाण्याच्या घरांमधे चहा प्यायलाय, त्या दिवसांची गोष्ट निघाली की अजून आवाज बदलतात.

दरवर्षी उन्हाळ्यात नहरबंदी असते, दुरुस्तीसाठी पाणी बंद. नेमकं तेव्हाच नरम्याच्या, म्हणजे अमेरिकन कापसाच्या पेरणीचं बघायचं, ओलवणी द्यायची, वाफसा आला की पेरायचं, आणि नेमकं तेव्हाच किन्नोचं बारीक फळ पाण्यावाचून गळतं. म्हणून ज्याला परवडतं तो डिग्गी खोदतो, म्हणजे शेततळं, आपली बारी त्यात साठवायची आणि नंतर फवाऱ्याने किंवा ड्रिपने द्यायची. डिग्गीचं कर्ज मी अगदी मनापासून मंजुरीला पाठवते, कारण डिग्गी आली की रात्री पावणेदोनला थंडीत उभं राहणं सुटतं, पाणी आपल्या वेळेला देता येतं. किन्नोचं एक सांगायचं राहिलं, हे फळ मुळात इथलं नाहीच, कॅलिफोर्निया विद्यापीठात एच. बी. फ्रॉस्ट यांनी किंग आणि विलो लीफ या दोन जातींचा संकर करून केलेलं, १९३५ मधे बाहेर आलं. तिथून पंजाब, पंजाबातून इथे. आता गंगानगरची ओळख तीच.

नरम्याचं मात्र वाईट चाललंय. गुलाबी बोंडअळी! आपल्या विदर्भातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. २०२१ पासून इथे दिसायला लागली आणि २०२३ ला तर बोंडं फोडून बघितली की आत नुसती घाण. बनछटी, म्हणजे आपल्या पऱ्हाट्या, जळणाला म्हणून घराजवळ रचून ठेवतात, अळी त्यात दबा धरून बसते आणि पुढच्या हंगामात परत बाहेर. आपल्याकडे हे आधी घडून गेलेलं असून इथल्या माणसापर्यंत ते वेळेत पोचलं नाही याचा मला खरंच राग येतो. आता बरेच जण मूग, गवारकडे वळलेत.

पाण्याची दुसरी बाजू पण आहे, सेम. म्हणजे पाणथळ आणि खारावलेली जमीन. सूरतगढ, रावतसर, बडोपलच्या बाजूला वाळूखाली जिप्समचा किंवा चिकणमातीचा कडक थर, पाणी खाली जाऊच शकत नाही. त्यात घग्गर नदीच्या पुराचं पाणी टेकड्यांमधल्या खोलगट जागांत सोडलं, तेही झिरपत राहिलं. शेतं पाण्याखाली गेली, घरांच्या भिंती खचल्या, उरली ती जमीन मिठाने पांढरी. एकीकडे थेंबासाठी बारी आणि काही किलोमीटरवर पाण्यानेच शेत मेलेलं. सफेद्याची, म्हणजे निलगिरीची झाडं लावून काही ठिकाणी पाणी ओढून काढलं पण सगळीकडे नाही.

याच घग्गरच्या काठावर कालीबंगा आहे, हनुमानगढ जिल्ह्यात. तिथे उत्खननात हडप्पाच्या आधीच्या काळातलं नांगरलेलं शेत सापडलं, जगातल्या सगळ्यात जुन्या नांगरलेल्या शेतांपैकी एक. दोन दिशांना आडव्या-उभ्या ओळी, एकीकडच्या जवळ जवळ, दुसरीकडच्या लांब लांब. आणि इथले शेतकरी आजच्या काळातही तसंच पेरायचे, जवळच्या ओळीत हरभरा, लांबच्या ओळीत मोहरी, म्हणजे मोहरीची सावली हरभऱ्यावर पडत नाही. वरिष्ठ अधिकारी भेटीला आले की मी त्यांना हे आवर्जून सांगते.

सीमेचं लोक फार विचारतात, भीती वाटते का म्हणून. हिंदुमलकोटला तारबंदी दिसते. फाळणीआधी इथल्या स्टेशनवरून गाडी पुढे बहावलपूरकडे जायची. काहींची शेतं तारेच्या पलीकडे, आपल्याच हद्दीत पण तारेच्या पलीकडे, तिथे ठरलेल्या वेळेला बीएसएफच्या गेटमधून ओळखपत्र दाखवून जायचं आणि गेट बंद व्हायच्या आत यायचं. सीमेलगतच्या पट्ट्यात रात्री फिरायला बंदी असते, आणि बारी तर रात्रीची! मग जवळच्या चौकीवर नाव सांगून परवानगी घ्यायची आणि मग पाणी लावायला जायचं. मे २०२५ मधे ब्लॅकआउट झाले तेव्हा आम्ही खिडक्यांना चादरी लावून बसलो होतो आणि बाऊजींचा फोन आला, पुत्तर घाबरू नकोस, आम्ही १९७१ बघितलंय. भीती वाटलीच, खोटं कशाला बोलू, पण त्या फोनने बरं वाटलं.

सध्या सगळ्यात जास्त चर्चा आहे ती अस्तर बदलण्याची. जुनं अस्तर फुटलंय, पंजाबातल्या फीडरमधूनच पाणी झिरपतं, ते नव्याने काँक्रीट केलं की टेलला पाणी वाढेल. पण फरीदकोटच्या बाजूच्या लोकांचा विरोध, कारण त्या झिरपण्यावरच त्यांच्या नळांना आणि हापशांना गोडं पाणी आहे, नहर बंद डब्यासारखी केली की खाली उरेल ते खारं. त्यांचंही म्हणणं खोटं नाहीये. वर लुधियानाच्या बुड्ढा नाल्याची घाण सतलजमधे मिसळून काळं पाणी येतं ते वेगळंच, आणि हेच पाणी बिकानेर-जोधपूरपर्यंत लोक पितात. मला विचाराल तर अस्तर व्हायला हवं, ज्यांना दुसरं कुठलंच पाणी नाही त्यांच्या बाजूने मी आहे, पण फरीदकोटच्या गावांना पिण्याच्या पाण्याची वेगळी सोय आधी करा आणि मग काँक्रीट ओता. उलट्या क्रमाने केलं तर एकाची बारी वाचवायला दुसऱ्याचा हापसा जाईल, आणि बाऊजींना हे सांगितलं तर तेही मान हलवतात, त्यांची बहीण तिकडेच दिलेली आहे.